बेसिक भाषेचा संकलक आणि संपादक : प्रयोगशाळेतील एका दुर्लक्षित पाठाची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थी प्रयोगशाळेत येतो तेव्हा त्याच्यासमोरचा संगणक सज्ज करून ठेवलेला असतो. आज्ञावली ज्यात लिहायची तो संपादक, म्हणजे एडिटर, आणि लिहिलेली आज्ञावली यंत्रभाषेत नेणारा संकलक, म्हणजे कंपायलर, हे दोन्ही प्रयोगशाळा साहाय्यकाने सत्रारंभापूर्वीच बसवलेले असतात. विद्यार्थी पडद्यावरील चिन्हावर टिचकी मारतो, दिलेली आज्ञावली उतरवून काढतो, अपेक्षित उत्तर आले की जर्नलवर स्वाक्षरी घेतो. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने पाठ येथे सुरू होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, खरा पहिला पाठ त्याआधीच होऊन गेलेला असतो आणि त्या पाठाला विद्यार्थी गैरहजर असतो.

संकलक व संपादक बसवताना घेतलेले निर्णय आज्ञावलीच्या उत्तरावर परिणाम करतात. हे निर्णय कोणी घेतले आणि का घेतले हे ज्याला ठाऊक नसते, त्याच्या हाती उत्तर येते, परंतु उत्तराची कारणमीमांसा येत नाही. हे विधान बेसिक या भाषेच्या आधारे तपासण्याचा येथे प्रयत्न केला आहे. बेसिकची निवड जुन्याच्या ओढीने केलेली नाही. ही भाषा आकाराने लहान आहे, तिला संकलकाची आणि दुभाष्याची अशा दोन्ही परंपरा आहेत आणि तिची मोफत साधने आजही उपलब्ध आहेत.

नवी मुंबईच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले. वाशी रेल्वे स्थानकाच्या इमारतीत इन्फोटेक पार्क आले, महापे येथे मिलेनियम बिझनेस पार्क आले. पनवेल, उरण परिसरातून आपल्या महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असते. या उद्योगात ते साधने वापरणारे म्हणून शिरणार की साधने समजून घेणारे म्हणून, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या पहिल्या तासाशी निगडित आहे.

१. 'संकलक' या संज्ञेविषयी

कंपायलरला मराठीत 'संकलक' हा प्रतिशब्द रूढ आहे. संकलन म्हणजे विखुरलेले एकत्र करणे. लोकगीतांचा संकलक गीते गोळा करतो, त्यांचे भाषांतर करत नाही. आजचा कंपायलर मात्र प्रामुख्याने भाषांतराचे काम करतो. त्यामुळे हा प्रतिशब्द प्रथमदर्शनी चुकीचा वाटतो. तथापि मूळ इंग्रजी शब्दाचा इतिहास पाहिला असता वेगळे चित्र दिसते. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास तयार केलेल्या ए-झिरो या प्रणालीचे काम, आधी लिहून ठेवलेल्या उपआज्ञावल्या संग्रहातून शोधून एकत्र गुंफणे, असेच होते. म्हणजे 'संकलक' हा शब्द संज्ञेच्या जन्मकाळच्या अर्थाशी प्रामाणिक आहे. पुढे यंत्र बदलले, काम बदलले, नाव तेच राहिले.

ही चर्चा केवळ शब्दांची नाही. 'संकलक' ऐकून विद्यार्थ्याच्या मनात भाषांतराची कल्पना येत नाही. 'संपादक' ऐकून त्याला वृत्तपत्राचा संपादक आठवतो. या संज्ञा बदलण्याची सूचना येथे करावयाची नाही. त्यांच्यामागची कामे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दाखवली नाहीत तर संज्ञा पाठ होतात, संकल्पना होत नाहीत, एवढेच नोंदवायचे आहे.

२. ओळीचा क्रमांक हाच संपादक

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १ मे १९६४ रोजी बेसिकमधील पहिल्या आज्ञावल्या चालल्या. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ही भाषा विज्ञानेतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून घडवली. दोन गोष्टींकडे येथे लक्ष वेधावेसे वाटते. पहिली अशी की, हे मूळ बेसिक संकलकावर चालत होते. विद्यार्थ्याने 'रन' म्हटले की संपूर्ण आज्ञावलीचे भाषांतर होऊन मग ती चाले. बेसिक म्हणजे एकेक ओळ वाचून पार पाडणारा दुभाषी, हा समज नंतरच्या काळातील आहे. १९७५ साली अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बिल गेट्स, पॉल अॅलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी केलेले बेसिक दुभाष्याच्या स्वरूपाचे होते, कारण त्या यंत्राच्या अवघ्या काही किलोबाइट स्मृतीत संकलकाला जागा नव्हती.

दुसरी गोष्ट ओळींच्या क्रमांकांची. डार्टमथचे विद्यार्थी दूरटंकयंत्रावर काम करत. तेथे पडदा नव्हता, पुढेमागे हलणारी खूण नव्हती. चूक दुरुस्त कशी करायची? त्याच क्रमांकाची ओळ पुन्हा लिहिली की जुनी ओळ जाऊन नवी येई. नुसता क्रमांक लिहिला की ती ओळ पुसली जाई. १० आणि २० यांच्या मध्ये काही घालायचे असल्यास १५ क्रमांक मोकळा असे. म्हणजे ओळीचा क्रमांक हाच संपादक होता. पुढे एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली बेसिकवर अत्यंत कठोर टीका केली, आणि क्रमांकावर उडी मारण्याच्या सवयीमुळे विस्कळीत आज्ञावल्या लिहिल्या जातात हे खरेही होते. परंतु ज्या क्रमांकांना भाषेचा दोष मानले गेले, ते एका विशिष्ट यंत्रावरील संपादनाची सोय म्हणून उपयोगी पडत होते, हे टीकेत सुटून गेले. पडदा आला, संपादक स्वतंत्र झाला, तरी पाठ्यपुस्तकांतून १०, २०, ३० चालत राहिले. मांडणीचा इतिहास न शिकवल्यामुळे साधनाची मर्यादा भाषेचा नियम म्हणून शिकवली गेली.

३. भारतीय प्रयोगशाळेतील बेसिक

आपल्याकडे १९८४ साली केंद्र शासनाच्या 'क्लास' या प्रकल्पाद्वारे निवडक शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. या यंत्रात बेसिक कायमस्वरूपी स्मृतीतच कोरलेले होते. कळ दाबताच भाषा समोर उभी राही, बसवण्यासारखे काही नसे. त्यानंतर डॉस प्रणालीबरोबर जीडब्ल्यू-बेसिक आणि १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीबरोबर क्यूबेसिक आले. या आवृत्तीतील 'एडिट' हा साधा मजकूर-संपादक क्यूबेसिकच्या धारिकेवाचून चालत नसे, कारण तो वस्तुतः क्यूबेसिकच होता. संपादक आणि भाषा एकाच धारिकेत नांदत होते. क्यूबेसिकमधून स्वतंत्रपणे चालणारी धारिका तयार करता येत नसे. त्यासाठी क्विकबेसिक हे वेगळे, विकत घ्यावे लागणारे उत्पादन होते. म्हणजे विद्यार्थ्याला संपादक मिळाला, दुभाषी मिळाला, परंतु संकलक मिळाला नाही. आपण लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याच्या संगणकावर स्वतंत्रपणे चालू शकते, हा अनुभव त्याच्या वाट्याला आला नाही.

याच काळात पुण्यात एक महत्त्वाचे काम चालू होते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरील मजकूर-आधारित आज्ञावल्यांत देवनागरी लिहिता-वाचता येई. त्यामागील 'इस्की' या संकेतप्रणालीला १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. युनिकोडमधील देवनागरीचा आराखडाही इस्कीच्या १९८८ च्या रूपावर बेतलेला आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी लिनक्सवर भारतीय लिप्या आणणारा 'इंडिक्स' हा प्रकल्प ज्या एनसीएसटी संस्थेत झाला, ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि सी-डॅक मुंबईचे एक केंद्र आज आपल्या खारघर स्थानकाजवळ आहे. आपल्या लिपीचा संगणकातील इतिहास असा शेजारी असूनही आपल्या प्रात्यक्षिकांच्या यादीत त्याला स्थान नाही.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यभर संगणक साक्षरता नेली. तिची व्याप्ती निर्विवाद आहे. मात्र तिचा भर तयार साधने वापरण्यावर होता आणि 'संगणक येतो' या शब्दप्रयोगाचा अर्थ बदलण्यात तिचा वाटा आहे. 'क्लास'च्या पिढीला संगणक येणे म्हणजे त्याला आज्ञा देता येणे असे वाटे. पुढच्या पिढीला ते कागदपत्र आणि कोष्टक तयार करता येणे असे वाटू लागले.

४. आजच्या तीन मांडण्यांची तुलना

आज बेसिक शिकवायचे ठरवले तर मुख्यतः तीन मार्ग दिसतात. त्यांची तुलना 'सोपे कोणते' या निकषावर न करता 'विद्यार्थ्याला काय दिसते आणि काय झाकले जाते' या निकषावर करणे उचित ठरेल.

पहिला मार्ग जुने क्यूबेसिकच चालवण्याचा. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांच्या डॉस आज्ञावल्या चालत नाहीत, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांतच उपलब्ध आहे. त्यामुळे डॉसबॉक्ससारख्या अनुकारकाचा आधार घ्यावा लागतो. टर्बो सी प्लस प्लसच्या बाबतीत आपल्या अनेक प्रयोगशाळांनी हाच मार्ग पत्करला. यात पाठ्यपुस्तकातील आज्ञावली जशीच्या तशी चालते. परंतु विद्यार्थी आजच्या यंत्रात एका कालबाह्य यंत्राची प्रतिमा शिकतो आणि त्या दोहोंतील सीमारेषा त्याला कोणी दाखवत नाही.

दुसरा मार्ग क्यूबी६४ या साधनाचा. २००७ पासून विकसित होत आलेल्या आणि २०२२ पासून फिनिक्स आवृत्तीच्या रूपाने पुढे चाललेल्या या साधनात तोच परिचित निळा संपादक आहे. पडद्यामागे मात्र ते बेसिकचे रूपांतर सी प्लस प्लसमध्ये करते आणि मग सी प्लस प्लसच्या संकलकाकडून धारिका बनवून घेते. सोय उत्तम आहे. दोन भाषांतरे होतात आणि विद्यार्थ्याला एकही दिसत नाही, ही तिची किंमत आहे.

तिसरा मार्ग २००४ साली सुरू झालेल्या फ्रीबेसिकचा. हा संकलक स्वतःच फ्रीबेसिकमध्ये लिहिलेला आहे. विंडोजसाठी तो संपीडित धारिकेच्या रूपात मिळतो. ती एका पुस्तिकेत उलगडली की काम झाले. त्याच्यासोबत संपादक येत नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा गुण आहे. जीनीसारखा मोफत संपादक वेगळा घ्यावा लागतो, संकलक कोठे ठेवला आहे हे प्रणालीला सांगावे लागते, संपादकाच्या 'बिल्ड' आज्ञेत कोणती ओळ आहे ते पाहावे लागते. येथे विद्यार्थ्याला प्रथमच कळते की संपादक व संकलक ही दोन स्वतंत्र साधने असून त्यांच्यामध्ये केवळ एका धारिकेचा आणि एका आज्ञेचा दुवा आहे. मधली धारिका पुसू नये असे संकलकाला सांगितले की बेसिक आणि यंत्रभाषा यांच्या दरम्यानची पायरी उघडून वाचता येते.

या मार्गातील अडचणी लपवण्याचे कारण नाही. जुन्या पुस्तकातील 'लेट'ने सुरू होणारी ओळ फ्रीबेसिकचे मूळ रूप नाकारते, न घोषित केलेला चल नाकारते. त्यासाठी क्यूबी बोलीचा पर्याय निवडावा लागतो. बोली बदलली की पूर्णांकाचा आकारही बदलतो. क्यूबेसिकचा पूर्णांक १६ बिटांचा, म्हणून त्याची कमाल मर्यादा ३२,७६७. पूर्णांक चलांत ३०० आणि २०० घेऊन त्यांचा गुणाकार पूर्णांक चलातच साठवू गेल्यास क्यूबेसिक मर्यादाभंगाची चूक दाखवते. फ्रीबेसिकच्या मूळ बोलीत ६०,००० हे उत्तर सहज मिळते. आज्ञावलीचा हेतू तोच, अंकगणित तेच, निर्णय मांडणीचा.

५. देवनागरीची कसोटी

मांडणी उत्तर ठरवते याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आपल्या लिपीत मिळतो. 'मराठी' या शब्दाची लांबी छापणारी एका ओळीची आज्ञावली घ्यावी. उत्तर केवळ अंकात येणार असल्याने पडद्यावर देवनागरी नीट दिसते की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही.

वाचकाच्या लेखी या शब्दात ३ अक्षरे आहेत : म, रा, ठी. युनिकोडच्या लेखी ५ संकेत आहेत : म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येक संकेताला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १५. फ्रीबेसिक यांपैकी कोणते उत्तर देईल? ते संपादक ठरवतो. धारिकेच्या आरंभी बीओएम नावाची अदृश्य खूण संपादकाने लिहिली असेल तर संकलक मजकूर युनिकोड मानतो आणि ५ सांगतो. खूण नसेल तर तो नुसते बाइट मोजतो आणि १५ सांगतो. आज्ञावलीतील एकही दृश्य अक्षर न बदलता उत्तर तिपटीने बदलते.

हा सैद्धांतिक खेळ नाही. विंडोजमधील नोटपॅड पूर्वी यूटीएफ-८ निवडल्यास ही खूण आपोआप लिहीत असे. २०१९ च्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून तो खुणेविना यूटीएफ-८ हीच मूळ निवड मानतो. म्हणजे एकाच प्रयोगशाळेतील जुन्या व नव्या संगणकांवर, एकच टिपण उतरवून घेणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. त्याही आधीच्या 'अॅन्सी' निवडीत धारिका साठवल्यास, आणि त्या वेळी येणारी सूचना दुर्लक्षिल्यास, पाचही संकेतांच्या जागी प्रश्नचिन्हे बसतात. आज्ञावली मग ५ असे उत्तर देते. आकडा युनिकोडला अनुसरून आणि शब्द नाहीसा! केवळ उत्तर पाहून स्वाक्षरी करणारा अध्यापक हे ओळखू शकणार नाही.

प्रात्यक्षिकांतील आणखी दोन नेहमीचे प्रश्न याच कसोटीवर घासून पाहावेत. शब्द उलटसुलट सारखाच आहे का, हे तपासण्याची आज्ञावली सर्वत्र दिली जाते. 'नवजीवन' हा शब्द मराठी वाचकाला दोन्हीकडून सारखा वाटतो. संकेत उलटे मांडले तर मात्र वेलांटी 'ज'वरून 'व'वर जाते, 'नवीजवन' तयार होते आणि आज्ञावली नकारार्थी उत्तर देते. दुसरा प्रश्न शब्द अनुक्रमाने लावण्याचा. मराठी वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, युनिकोडमध्ये तो 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी आहे. त्यामुळे केवळ संकेतांची तुलना करणारी आज्ञावली 'काळा' आधी ठेवते आणि 'कावळा' नंतर. वर्णमालेचा क्रम याच्या नेमका उलट आहे.

या तीनही उदाहरणांत संकलकाची चूक नाही. 'अक्षर' म्हणजे काय, याचा इंग्रजीला अनुरूप असा निर्णय आधीच झालेला आहे. इंग्रजीत उदाहरणे सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला तो निर्णय दिसत नाही, कारण तेथे अक्षर, संकेत आणि बाइट यांची संख्या सहसा एकच असते. मराठीत लिहिताच तो उघडा पडतो. म्हणून देवनागरी ही येथे अडचण नसून तपासणीचे साधन आहे, आणि मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी या एका ठिकाणी इतरांच्या पुढे असू शकतो.

६. संभाव्य आक्षेप

पहिला आक्षेप असा की, उद्योगाला बेसिक नको, पायथन हवे. हे मान्य आहे. येथे बेसिकची संपूर्ण सत्रपत्रिका सुचवलेली नाही, काही तासिकांचा प्रवेशपाठ सुचवला आहे. संपादक, भाषांतर आणि धारिका यांचे नाते एकदा समजले की ते पायथनलाही लागू पडते. साधने कालबाह्य होतात याचे उदाहरण बेसिकच्याच घरात आहे. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ च्या विकसन-साधनांचा आधार उत्पादकाने एप्रिल २००८ मध्ये काढून घेतला.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. विद्यार्थ्यांना साधने बसवण्याची मुभा दिल्यास प्रयोगशाळा विस्कळीत होईल, ही भीती रास्त आहे. मात्र फ्रीबेसिक उलगडण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत नाहीत. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या पुस्तिकेत वा पेनड्राइव्हवर तो राहू शकतो. नव्याने बनलेल्या धारिकेवर विषाणूरोधक प्रणाली आक्षेप घेऊ शकते. तसे झाल्यास तोही चर्चेचा विषय करावा.

तिसरा आक्षेप आजचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज्ञावली लिहून देत असताना हा खटाटोप कशाला? उत्तर वरील कसोटीतच आहे. लांबी मोजणारी ओळ कोणीही लिहून दिली तरी ५ आणि १५ यांतील फरक त्या ओळीत नाही, मांडणीत आहे. लिहून देणारा जितका तत्पर, तितकी तपासणाऱ्याची जबाबदारी मोठी.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन सूचना कराव्याशा वाटतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या कौशल्यविषयक वा मुक्त निवडीच्या श्रेयांकांत संकलक व संपादक यांच्या मांडणीला स्वतंत्र प्रात्यक्षिकाचा दर्जा द्यावा आणि ते कोऱ्या पुस्तिकेपासून सुरू व्हावे. जर्नलमध्ये उत्तरासोबत संकलकाची आवृत्ती, निवडलेली बोली आणि धारिकेची संकेतप्रणाली यांची नोंद अनिवार्य असावी. रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये द्रावणाची संहती जशी नोंदवतात तशी. तिसरे असे की, लांबी, उलट क्रम आणि अनुक्रम ही तीन प्रात्यक्षिके देवनागरीत करून घ्यावीत आणि त्यांच्या चर्चेत मराठीच्या अध्यापकांना सहभागी करून घ्यावे. 'अक्षर म्हणजे काय' हा प्रश्न दोन्ही विभागांचा आहे.

या सूचनांना नवी यंत्रसामग्री लागत नाही, निधी लागत नाही. लागतो तो एवढाच निर्णय की, प्रयोगशाळा साहाय्यक जे काम सत्रारंभापूर्वी एकट्याने उरकतो, ते पहिल्या तासाला विद्यार्थ्यांच्या हातून व्हावे.